दिसेनाशी झालेली डिस्क
(वसंतातील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संतसाहित्य, अर्थसंकल्प आणि हिमालयातली भ्रमंती यांच्या रांगेत 'कॉम्प्युटरला हार्ड डिस्क सापडत नाही तेव्हा' हा विषय बसवला, याबद्दल संयोजकांच्या धाडसाला आधी दाद देतो. पण जरा आठवून बघा. लग्नाचे फोटो, मुलीच्या प्रबंधाचा मसुदा, सोसायटीचे हिशेब, कुणाच्या आजोबांचं ध्वनिमुद्रण हे सगळं आता कपाटात नसतं. ते हाताच्या पंजाएवढ्या एका डबीत असतं. आणि एखाद्या सकाळी ती डबी जोडल्यावर स्क्रीनवर काहीच उमटत नाही.

मला आज एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. डिस्क दिसत नाही आणि डेटा गेला, या दोन निराळ्या घटना आहेत. पहिली घडते तेव्हा दुसरी पुष्कळदा घडलेली नसते. ती नंतरच्या तासाभरात घडते, आणि बऱ्याच वेळा आपल्याच हातून घडते.

घरातले दिवे गेले की आपण आधी गॅलरीत जाऊन समोरच्या बिल्डिंगमध्ये लाईट आहेत का ते बघतो. मग जिन्यात बघतो, मग मीटरपाशी जाऊन एमसीबी पडलाय का ते बघतो, आणि शेवटी बल्ब फिरवून पाहतो. भिंत फोडून वायर उकरायची हे पहिल्यांदा कुणालाच सुचत नाही. डिस्कच्या बाबतीत मात्र भलेभले पहिल्या पाच मिनिटांत भिंत फोडतात. समोर 'फॉरमॅट करू का?' असा प्रश्न येतो आणि ते 'हो' म्हणून मोकळे होतात.

तेव्हा आधी बघू, डिस्क 'दिसते' म्हणजे नेमकं काय काय घडतं.

१९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात होतं आणि मावायची पन्नास लाख अक्षरं. आजची डिस्क पिशवीत राहते, पण तत्त्व तेच. तबकडी फिरते आणि तिच्यावरून हेड तरंगत जातं. हेड आणि तबकडी यांच्यातलं अंतर आता जेमतेम काही नॅनोमीटर आहे. आपला केस साधारण सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. धुळीच्या एका कणाला डिस्कमध्ये जागा का नाही, हे यावरून लक्षात येईल.

करंट मिळाला की सर्किट बोर्ड जागा होतो. मोटर तबकड्यांना मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्यांच्या वेगाला नेते. तोवर हेड बाजूच्या उतारावर उभी असतात. वेग आला की ती तबकडीवर उतरतात. आता खरी गंमत. डिस्क चालवणारा जो प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, तो बोर्डवरच्या चिपमध्ये थोडाच असतो. उरलेला तबकडीवरच एका राखीव पट्ट्यात लिहिलेला असतो. म्हणजे डिस्कला दुसऱ्याशी बोलण्याआधी स्वतःला वाचावं लागतं. ते जमलं की ती 'तयार' असा इशारा देते. कॉम्प्युटर मग तिला ओळख विचारतो आणि ती ५१२ बाइटचं उत्तर पाठवते. त्यात मॉडेल, सीरियल नंबर, फर्मवेअरची आवृत्ती आणि क्षमता असते. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी जागा होणारा कॉम्प्युटरचा मूळ प्रोग्राम; त्याच्या पडद्यावर दिसतं ते हेच उत्तर. त्यानंतर विंडोज पार्टिशनचा तक्ता वाचतं, फाइल सिस्टीम ओळखतं, आणि सर्वांत शेवटी 'डी' किंवा 'ई' असं अक्षर देतं.

यातला कुठलाही दुवा तुटला तरी आपल्याला दिसणारा परिणाम एकच: 'डिटेक्ट होत नाही'. म्हणून प्रश्न विचारायचा तो 'डिस्क कशी दुरुस्त करू' हा नाही. साखळी कुठे तुटली हे आधी शोधायचं, आणि तेही बाहेरून आत.

सगळ्यांत बाहेर वीज आणि केबल. लॅपटॉपमध्ये बसते तेवढ्या आकाराची पोर्टेबल डिस्क पूर्णपणे यूएसबीच्या विजेवर चालते. यूएसबी २.० पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९००. मोटर सुरू होतानाची मागणी याच्याही वर जाऊ शकते. त्यामुळे कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला किंवा स्वस्तातल्या हबला लावलेली डिस्क फिरायचा प्रयत्न करते, थांबते, परत प्रयत्न करते. तीच मागच्या पोर्टला, आखूड केबलने लावली की मुकाट चालते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरची साधी केबल लावून वाचलेल्या डिस्क आमच्या डेटा परत मिळवण्याच्या कामात वरचेवर भेटतात. आमची फी ऐकून तयारीत आलेला माणूस मग उगीचच ओशाळतो. कोकणात आणि मुंबईत दमट हवेनं सर्किट बोर्डच्या खालचे संपर्कबिंदू काळे पडतात. बोर्डचे स्क्रू काढून ते बिंदू साध्या खोडरबरानं पुसले की काही डिस्क परत बोलायला लागतात. बोर्ड बाहेरच्या बाजूला असतो, त्यामुळे तबकड्यांचं झाकण उघडावं लागत नाही.

टेबलावर ठेवायच्या मोठ्या डिस्कला स्वतंत्र १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लागतो. घरात अ‍ॅडॅप्टरचा गुंता असतो, पिन बसते म्हणून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा लावला जातो आणि डिस्क ठप्प होते. असा बोर्ड हातात घेऊन नीट बघावा. वीज जिथून आत येते तिथे डाळीच्या दाण्याएवढा एक काळा डायोड असतो. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो स्वतः शॉर्ट होतो आणि पुढचं सर्किट वाचवतो. मीटर लावला की दोन्ही टोकांत जवळपास शून्य रोध दिसतो. जाणकार तो डायोड काढतो, बरोबर अ‍ॅडॅप्टर लावतो, आणि पुष्कळदा डिस्क जिवंत होते. संरक्षण मात्र गेलेलं असतं, म्हणून डेटा काढून घ्यायचा आणि तिला निवृत्त करायचं.

याच्या उलटही घडतं. कोरी करकरीत डिस्क, उत्तम पॉवर सप्लाय, आणि तरी मोटर हलतच नाही. डिस्क कॉम्प्युटरला आतून जोडायची जी साटा पद्धत, तिच्या वीजजोडणीत पंधरा पिन असतात. सुरुवातीच्या रचनेत पहिल्या तीन पिनांवर ३.३ व्होल्ट ठेवले होते, पण ते वापरणाऱ्या डिस्क जवळजवळ नव्हत्याच. पुढे २०१६ साली साटाच्या ३.३ या आवृत्तीत तिसऱ्या पिनला नवं काम मिळालं: तिच्यावर व्होल्टेज असेल तर डिस्कनं बंद राहायचं. डेटा सेंटरमधल्या हजारो डिस्कपैकी एखादी लांबून बंद-चालू करता यावी म्हणून ही सोय. आता अशी डिस्क जुन्या पॉवर सप्लायला लावली की तो इमानेइतबारे तिसऱ्या पिनला ३.३ व्होल्ट देत राहतो, आणि डिस्क तितक्याच इमानेइतबारे बंद राहते. दोघांपैकी कुणीही बिघडलेलं नसतं. त्या पिनवर वीजरोधक टेपची बारीक पट्टी लावली की काम होतं.

पुढचा दुवा बायोस. डिस्क तिथे दिसते का? दिसत असेल तर निम्मी लढाई जिंकली. अकराव्या पिढीपासूनच्या अनेक इंटेल लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकायला घेतलं की 'एकही ड्राइव्ह सापडला नाही' असं येतं. एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, ठणठणीत असते, पण ती इंटेलच्या व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेमागे असते आणि तिचा ड्रायव्हर इन्स्टॉलरकडे नसतो. तो पेनड्राइव्हवरून दिला की डिस्क हजर होते. काही मदरबोर्डवर एम.टू खाचेत एसएसडी बसवली की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात, कारण दोघांची वाट एकच असते. नवी डिस्क लावली म्हणून जुनी 'मेली' असं वाटतं. मदरबोर्डच्या पुस्तिकेत हे छापलेलं असतं. ती पुस्तिका आपण खोक्यासकट माळ्यावर टाकलेली असते.

कधी अडचण निव्वळ गणिताची असते. तीन टीबीची डिस्क जुन्या यूएसबी डॉकला लावली की ७४६ जीबी दाखवते. जुनी पद्धत ५१२ बाइटचे सेक्टर ३२ बिटांत मोजते, आणि ३२ बिटांत साधारण २.२ लाख कोटी बाइटच मोजता येतात. मोजणी तिथे संपून पुन्हा शून्यापासून सुरू होते, आणि वरचं उरलेलं तेवढं दिसतं. तक्रार डिस्कची नाही, डॉक बदला.

बायोसनंतर विंडोज. इथे मी तुम्हाला सर्वांत सावध करणार आहे, कारण इथे विंडोज अतिशय मदतीच्या सुरात घात करतं. 'डिस्क मॅनेजमेंट' उघडलं की तीन-चार प्रकार दिसतात. डिस्क आहे, पार्टिशन आहे, पण अक्षर नाही: अक्षर द्या, काम संपलं. डिस्कवर 'नॉट इनिशियलाइज्ड' लिहिलंय आणि इनिशियलाइज करू का असं विचारलंय: डिस्क आजच विकत घेतली असेल तर हो म्हणा, जुनी असेल तर 'कॅन्सल'. पार्टिशनसमोर 'रॉ' लिहिलंय आणि वापरण्याआधी फॉरमॅट करायला सांगतंय: पुन्हा 'कॅन्सल'. विंडोजला एवढंच म्हणायचं असतं की मला हे वाचता येत नाही. मॅकवर किंवा लिनक्सवर तयार केलेली धडधाकट डिस्क लावली तरी ते असंच म्हणतं. पुतण्यानं मॅकवरून भरून दिलेली डिस्क काकांनी आपल्या विंडोजला लावली आणि सांगितल्याबरहुकूम फॉरमॅट केली, ही कथा मी इतक्यांदा ऐकली आहे की पुतण्या आणि काका बदलतात, बाकी संवाद तेच.

फिरत्या डिस्कवर चुकून क्विक फॉरमॅट झालं तर फक्त सूची पुसली जाते, मूळ मजकूर बराचसा शाबूत असतो. एसएसडीवर तसं नाही. फॉरमॅट करताना विंडोज एसएसडीला 'ही जागा आता मोकळी' असं कळवतं आणि ती आपल्या सवडीनं खरोखरच साफ करते. तिथे दुसरी संधी जवळपास नसते.

आता आतल्या भागाकडे. बाहेरचं सगळं ठीक, तरी डिस्क गप्प. अशा वेळी बिघाड यंत्राचाच असतो असं आपण गृहीत धरतो. ते किती फसवं आहे याचं उत्तम उदाहरण म्हणजे सीगेटची बॅराकुडा ७२००.११ ही मालिका. २००८ सालच्या शेवटी आणि २००९ च्या जानेवारीत जगभरातून तक्रारी येऊ लागल्या. काल रात्री व्यवस्थित बंद केलेली डिस्क सकाळी बायोसला दिसत नव्हती. ना खडखड, ना कुरकुर. मोटर फिरत होती, पण ओळख विचारली की उत्तर येत नव्हतं.

कंपनीनं पुढे कारण सांगितलं. डिस्क स्वतःबद्दलच्या घडामोडींची एक नोंदवही ठेवते. तिची पानं गोल फिरतात, शेवटानंतर पुन्हा पहिलं. या फर्मवेअरमध्ये वहीची शेवटची सीमा एका घरानं चुकली होती. नोंदींचा काटा ३२० वर, किंवा त्यापुढे दर २५६ नोंदींनी येणाऱ्या ठिकाणी, उभा असताना जर डिस्क बंद होऊन पुन्हा सुरू झाली, आणि कारखान्यातल्या एका विशिष्ट चाचणीयंत्राच्या खुणा राखीव पट्ट्यात उरलेल्या असल्या, तर काटा वहीच्या बाहेर जायचा. फर्मवेअरला काहीतरी भलतंच घडल्याचं कळायचं आणि ते सुरक्षेसाठी सगळं थांबवायचं. एकदा थांबलं की काटा पुढे सरकण्याचा मार्गच बंद. कितीही वेळा बंद-चालू करा, डिस्क तिथेच अडकलेली. आणि या सगळ्यात तबकडीवरचा एकही फोटो, एकही हिशेब हललेला नव्हता. डेटा शाबूत असल्याचं कंपनीनंही सांगितलं, नवं फर्मवेअर दिलं आणि अडकलेला डेटा मोफत काढून देण्याची तयारी दाखवली. घाईत आलेल्या पहिल्या नव्या फर्मवेअरनं काही ५०० जीबीच्या चालत्या डिस्कही बंद पाडल्या आणि ते मागे घ्यावं लागलं, हे त्यातलं उपकथानक.

दरम्यान हौशी लोकांनी रस्ता शोधला होता. साटाच्या जोडणीशेजारी चार बारीक पिना असतात, कारखान्यातल्या तंत्रज्ञांनी डिस्कशी थेट बोलण्यासाठी. त्यातल्या दोनांना नोकियाच्या जुन्या मोबाइलची डेटा केबल कापून जोडायची, कारण त्या केबलमध्ये व्होल्टेज जुळवणारी चिप आयती मिळायची. बोर्ड आणि मोटर यांच्या संपर्कांमध्ये व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा सरकवायचा, म्हणजे डिस्क स्वतःला वाचायला जात नाही आणि अडकतही नाही. टर्मिनलवर मोटर थांबवायची आज्ञा द्यायची. मग वीज चालू ठेवूनच कार्ड हळूच ओढायचं, स्क्रू आवळायचे, मोटर फिरवायची आणि शेवटी स्वल्पविरामांनी भरलेली एक लांबलचक आज्ञा अचूक टाइप करायची. ती चुकली तर डिस्कचा आतला नकाशाच बिघडायचा. जमलं की डिस्क बायोसमध्ये पुन्हा हजर, सगळ्या फाइल्ससकट. ज्यांनी चिडून आधीच डिस्कचं झाकण उघडलं होतं, त्यांच्यासाठी मात्र हा उपाय उशिरा आला.

एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं, म्हणून ती सुरक्षित असा समज आहे. तिच्यातही फर्मवेअर असतंच. २०१२ च्या सुरुवातीला क्रुशिअलच्या एम फोर एसएसडी ५,१८४ तास, म्हणजे २१६ दिवस, चालून झाल्यावर अचानक गायब होत. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला की दिसत, पण तासाभरात पुन्हा गायब. नव्या फर्मवेअरनं ते थांबलं, डेटा वाचला. २०१९ साली एचपीईनं आपल्या काही सर्व्हर एसएसडींबद्दल दिलेला इशारा जास्त गंभीर होता. त्या ३२,७६८ तासांनी, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तासांनी कायमच्या बंद पडणार होत्या, आणि डेटाही परत मिळणार नव्हता. हा आकडा दोनाचा पंधरावा घात आहे, हे इथल्या गणिताच्या शिक्षकांनी ओळखलंच असेल. सर्व्हरमध्ये डिस्क एकाच दिवशी बसवतात. म्हणजे एकमेकींच्या राखणीला ठेवलेल्या सगळ्या एकाच तासाला जाणार. राखणदार एका मुहूर्तावर नेमू नयेत, हा त्यातला धडा.

आपल्याकडच्या स्वस्त एसएसडींमध्ये आणखी एक प्रकार आढळतो. बायोसमध्ये कंपनीच्या नावाऐवजी 'साटाफर्म एस११' असं विचित्र नाव येतं. आतल्या कंट्रोलरला आपलं फर्मवेअर वाचता आलं नाही की तो कारखान्यातलं हे नाव सांगतो. अशी डिस्क फॉरमॅट करून किंवा विंडोज नव्यानं टाकून ठीक होत नाही. डेटा हवा असेल तर तिथेच थांबायचं.

फिरत्या डिस्कचं निदान मात्र कानानंही होतं. पूर्ण शांतता असेल तर वीज किंवा बोर्ड. बारीक 'बीप' किंवा गुणगुण असेल तर हेड तबकडीला चिकटलंय किंवा मोटर अडकलीय. ठरावीक लयीत टक्-टक् असेल तर हेड राखीव पट्टा शोधतंय आणि त्याला तो सापडत नाही. हा तिसरा आवाज ऐकला की वायर काढा. परत एकदा लावून बघूया हा मोह टाळा, कारण खराब हेड प्रत्येक फेरीत तबकडी खरवडत असतं. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजून हिंडतो. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरतं. ज्या यंत्रात काही नॅनोमीटरचं अंतर सांभाळायचंय तिथे पाण्याचा थेंब. दुसऱ्या डिस्कचा बोर्ड काढून लावण्याची युक्तीही आता चालत नाही. प्रत्येक डिस्कची स्वतःची मापं तिच्याच बोर्डवरच्या छोट्या चिपमध्ये असतात, ती चिपही हलवावी लागते.

कुणी म्हणेल, एवढं होईपर्यंत थांबायचं कशाला, डिस्क आधी इशारा देत असेलच की! देते, पण नेहमी नाही. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. पण बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये 'स्मार्ट'च्या चार प्रमुख खुणांपैकी एकही उमटली नव्हती. म्हणजे इशारा आला तर त्याच दिवशी डेटा हलवायचा, आणि आला नाही म्हणून निर्धास्त राहायचं नाही. त्याच नोंदीत १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर केबल बदला. १९७ क्रमांकाचा वाढत असेल तर डिस्कच.

आता हे सगळं एका सूत्रात सांगतो. प्रत्येक कृतीआधी स्वतःला विचारायचं: हे मला परत फिरवता येईल का? केबल बदलणं, पोर्ट बदलणं, दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावणं, बायोसमध्ये बघणं, हे सगळं परत फिरवता येतं. इनिशियलाइज, फॉरमॅट, चेकडिस्क, फर्मवेअर बदलणं, झाकण उघडणं, यांतलं काहीही येत नाही. डिस्क दिसते आहे पण अडखळते आहे, अशा वेळी तिच्यावर दुरुस्ती करू नका; आधी तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. 'डीडीरेस्क्यू' हा फुकट मिळणारा लिनक्सचा प्रोग्राम याचसाठी आहे. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडणाऱ्या जागा वहीत टिपून ठेवतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो. पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. आणि दुकानात गेलात तर 'काहीतरी बघा हो' एवढंच सांगू नका. बायोसमध्ये काय नाव आणि किती क्षमता दिसली, कसला आवाज आला, बंद पडण्याआधी काय घडलं आणि तुम्ही स्वतः काय काय करून पाहिलंत, हे कागदावर लिहून द्या. चौथी गोष्ट लोक लपवतात, आणि आम्हाला सर्वांत जास्त उपयोग तिचाच असतो.

शेवटी एक जुना नियम सांगून थांबतो. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती ठेवाव्यात, दोन निराळ्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. तासभर मी जे काही सांगितलं, पिना, डायोड, व्हिजिटिंग कार्ड आणि बत्तीस हजार तास, ते ज्यांच्याकडे दुसरी प्रत नाही त्यांच्यासाठी आहे. ज्याच्याकडे ती आहे तो डिस्क वॉरंटीत बदलून घेतो आणि वेळेवर जेवायला बसतो.